माझ्या बोल्टावरचं कुंकू

मी आष्टीच्या ख्वाजामियाँच्या दुकानातला बँडसॉ बोलतोय. या, जवळ या, पण टेबलाला हात लावू नका. लावायचाच असेल तर आधी पुसून घ्या. आत्ता या घडीला माझ्या टेबलावर फेव्हिकॉलचे वाळलेले सात थेंब आहेत, चहाच्या ग्लासांच्या तीन गोल खुणा आहेत, आणि कोपऱ्यात कुणीतरी तंबाखू मळून उरलेला चुना बोटाने पुसून ठेवलाय. वरच्या चाकाच्या झाकणावर लाल शिंतोडे दिसतात ना, ते रंगाचे नाहीत. कशाचे ते विचारू नका, सांगतानासुद्धा मळमळतं.

आणि इथे समोरच्या कडेला खडूची पुसट अक्षरं दिसतील. नीट बघा. 'भंगार' असं लिहिलं होतं. ते कुणी लिहिलं, का लिहिलं आणि कशाने पुसलं, तेवढं सांगायला मी तोंड उघडलंय. एरवी मला माणसांशी बोलायची हौस नाही. पस्तीस-छत्तीस वर्षं त्यांना बघतोय, वीट आलाय.

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतशाळेतला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी झालो. थंड झाल्यावर माझं टेबल घासून घासून सपाट केलं. मग दोन चाकं बसवली, एक वर, एक खाली, आणि त्यांच्यावरून गोल फिरणारं दातेरी पातं. सगळ्यात शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने टेबलाखाली एक बोल्ट बसवला.

तो बोल्ट नीट समजून घ्या, कारण माझी सगळी कर्मकहाणी त्याच्यावरच आहे. कुणाला तिरकं कापायचं असेल तर माझं टेबल कलतं करता येतं. काम झालं की ते परत जागेवर आणायचं. आता ते बराबर जागेवर आलं हे कसं कळणार? तर ते त्या बोल्टाच्या डोक्यावर येऊन टेकतं आणि थांबतं. बोल्ट साफ असेल तर पातं टेबलाशी काटकोनात उभं राहतं आणि लाकूडही तसंच कापलं जातं. बोल्टाच्या डोक्यावर थोडा कचरा साचला तरी टेबल तेवढं उचललं जातं, आणि मंग माझी कापणी तिरकी. एवढीच गोष्ट आहे. यात न कळण्यासारखं काय आहे ते मला आजवर समजलेलं नाही.

त्या म्हाताऱ्या फिटरने माझ्या टेबलावर काटकोन बघायचा गुण्या ठेवला, पात्याला टेकवला आणि मागे बल्ब धरला. गुण्या आणि पातं यांच्यामधून उजेडाची रेघसुद्धा आली नाही. "जा," म्हणाला तो. मला पेटीत घातलं, ट्रकवर चढवलं, आणि मी जालन्याला उतरलो.

तिथून मला आणलं ते ख्वाजामियाँनी. तेव्हा ते जवान होते, आष्टीत त्यांनी नुकतंच दुकान टाकलं होतं. त्यांच्याविषयी आधी एकच सांगतो, त्यांचे हात स्वच्छ असायचे. बाकी माणूस कसा होता ते तुम्ही त्यावरून ओळखा.

रोज सकाळी दुकान उघडलं की त्यांचं पहिलं काम माझं. कोरड्या फडक्याने टेबल पुसायचं. पातं ताणून बघायचं, कारण ढिल्या पात्यावर गुण्या लावणं म्हणजे झोपलेल्या माणसाची उंची मोजणं. मंग गुण्या काढायचा. त्यांचा तो पितळी पट्टीचा गुण्या मऊ कापडात गुंडाळलेला असायचा. तो पात्याच्या दातांना टेकवायचा नाही, कारण दात आजूबाजूला वाकवलेले असतात, ते फसवतात. दातांच्या मागे, पात्याच्या सपाट अंगाला टेकवायचा. आणि खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बघायचं. उजेड दिसला तर बोल्ट पाव आटा फिरवायचा, नाही दिसला तर बिस्मिल्ला.

एवढ्यावरही त्यांचा भरवसा बसायचा नाही. एक जाड तुकडा उभा कापायचा, त्यातला एक भाग उलटा करून दुसऱ्याला भिडवायचा. कापणी तिरकी असेल तर ती अशी दुप्पट दिसते. दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटून बसले की मियाँ माझ्या पाठीवर हलकी थाप मारायचे. तेवढी थाप मला चालायची.

त्यांची बीवी मैमूना. ती रोज दुपारी टोपलं घेऊन यायची आणि माझ्या खाली बसून भुसा गोळा करायची, भुशाच्या शेगडीसाठी. मी जेवढा तिला ठाऊक आहे तेवढा कुणालाच नाही. बाकी सगळे मला वरून बघतात. ती पस्तीस वर्षं मला खालून बघतेय.

मंग कामाला आला कारभारी, हे त्याचं नावच. जांब समर्थकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, हाताला हुनर होता. मियाँनी त्याला शिकवलं, आणि तो त्यांना उस्ताद म्हणायला लागला. माणूस चांगला. डोळा तयार, मेहनती, बोलायला कमी. पण देवभोळा. आणि देवभोळ्या माणसाची बोटं तेलकट असतात, हे मला फार लवकर कळलं.

पहिल्याच खंडेनवमीला त्याने मियाँना विचारलं, "उस्ताद, मशीनची पूजा करू का? आमच्यात हत्यारं पुजल्याबिगर दसरा होत न्हाई."

मियाँ म्हणाले, "करो भाई. बस टेबल के ऊपर कुछ मत डालो."

यातून काय निघालं ते बघा. कारभारी हुकूम मोडणारा नव्हता. टेबलावर त्याने फुलाची पाकळीसुद्धा पडू दिली नाही. मंग हळदी-कुंकू लावायचं कुठे? त्याने वाकून खाली बघितलं. त्याला तो बोल्ट दिसला. टेबल ज्याच्यावर उभं राहतं ते याचे पाय, असं त्याने ठरवलं. टेबल कलतं केलं, बोल्टाच्या डोक्यावर खोबरेल तेलात कालवलेलं हळदी-कुंकू चांगलं बोटभर थापलं, डोकं टेकवलं, आणि टेबल परत वरून बसवलं. त्या तेलात भुसा बसला. दोन दिवसांत त्याचा दगड झाला असता.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ओतशाळेत बल्ब लावून जुळवलेला बोल्ट, आणि त्याच्या डोक्यावर हा चिखल. पण ओरडायला मला तोंड कुठे होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच दुकानाचं शटर उघडलं. मियाँ एकटेच होते. फजरची नमाज पढून सरळ इकडे आले होते. त्यांनी गुण्या लावला, उजेड बघितला, वाकले, आणि त्यांना बोल्ट दिसला. मला वाटलं, आता हा पठ्ठ्या कामावर आला की त्याची चांगली हजेरी घेतील. त्यांनी खिशातून चाकू काढला, सगळं खरवडलं, कोरड्या फडक्याने बोल्ट पुसला, गुण्या परत लावून बघितला. खरवडलेलं कागदात बांधून मागच्या आवारातल्या निंबाच्या बुडाला टाकलं. कारभारी आला तेव्हा मियाँ चहा पीत बसले होते. एका शब्दाने बोलले नाहीत.

असं त्यांनी वीस वर्षं केलं. दर खंडेनवमीला कारभारी थापायचा, दसरा झाला की मियाँ खरवडायचे. मला दोघांचाही राग यायचा. एकाचा थापतो म्हणून, दुसऱ्याचा सांगत नाही म्हणून. अहो, एकदा तोंडाने सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

सहा वर्षांपूर्वी ख्वाजामियाँ गेले. पितळी गुण्या मैमूनाने कापडासकट तिच्या पेटीत ठेवला. दुकान आलं त्यांच्या मुलाकडे, अबुबकरकडे. त्या वर्षी खंडेनवमी आली, कारभारीने रडत रडत माझे पाय पुजले, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शटर नेहमीच्या वेळेला उघडलं. चाकू घेऊन कुणी आलं नाही.

पहिल्या वर्षी टेबल केसभर उचललं गेलं. दुसऱ्या वर्षी अजून. लाकडं तिरकी कापली जायला लागली. आणि मंग माणसांची अक्कल बघायचे माझे दिवस सुरू झाले.

अबुबकर म्हणाला, पातं खराब आहे. नवीन पातं आणलं. तिरकंच. मंग म्हणाला, चाकाचं रबर गेलंय. रबर बदललं. तिरकंच. मंग परतूरहून एक मेकॅनिक बोलावला. त्याने माझ्याभोवती दोन चकरा मारल्या, तोंडातली पिचकारी माझ्या झाकणावर सोडली, बेरिंग गेलंय म्हणाला, आणि बेरिंगला हात न लावता माझ्या टेबलाच्या कडेवर हातोडा घातला. दोन कप चहा पिऊन गेला. ग्लासांच्या तीन खुणांपैकी दोन त्याच्या आहेत.

दुकानातला दुसरा गुण्या कशाला वापरायचे, विचारा. डबा उघडायला, फेव्हिकॉल ढवळायला आणि खिळा ठोकायला. त्याच गुण्याने मंग मला तपासायचे. त्याचाच काटकोन राहिला नव्हता, तो माझा काय दाखवणार.

कारभारीने वेगळाच उपाय काढला. त्याच्या लेकीचं, दीपमालाचं लग्न झालं होतं आणि पत्रिका उरल्या होत्या. त्याने एका पत्रिकेवरचा गणपती नीट कापून खिशात ठेवला, आणि उरलेला जाड कागद घडी करून माझ्या टेबलावर चिकटवला. लाकडाची एक कड त्या घडीवर टेकवायची, म्हणजे लाकूड तेवढंच उलट्या बाजूला कलतं आणि कापणी सरळ येते. पुढच्या दसऱ्यानंतर एक घडी कमी पडायला लागली, तर वर दुसरी चिकटवली. मंग तिसरी. घडीवर लाकूड डुलायचं, म्हणून डाव्या हाताने ते जरा रेटून धरायची त्याला सवय लागली. मी दरवर्षी वाकडा होत होतो आणि हा माणूस दरवर्षी माझ्या मापाने स्वतःचा हात वाकवून घेत होता. शिसारी येते म्हणजे कशाने येते ते सांगतोय. घाणीची येते तेवढीच या समजूतदारपणाचीही येते.

तरी अंदाजाने केलेला हा उपाय दरवेळी साधेना, आणि गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. रखमाजी नावाच्या शेतकऱ्याने पलंग नेला, तर चौथा पाय जमिनीला टेकेना. तो पाय हातात घेऊन दुकानात आला आणि माझ्या टेबलावर ठेवून गेला.

यंदा रमजानच्या आधी मैमूनाने एक काम काढलं. मियाँच्या नावाने मशिदीला बारा रेहल द्यायच्या. रेहल म्हणजे कुराण ठेवायची घडीची लाकडी घोडी. ती एकाच फळीतून निघते. फळी उभी धरून दोन्ही टोकांकडून मधोमध चिरायची, मध्ये बोटात बोटं अडकवल्यासारखा जोड कोरायचा, की एका फळीचे दोन पंख उघडतात. फळी चिरताना पातं काटकोनात नसेल तर पंख एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ होतात. मंग रेहल नीट उघडत नाही, आणि उघडली तरी वर ठेवलेली किताब एका अंगाला झुकते.

मियाँनी हयातीत शिसवीच्या सोळा फळ्या सुकवून ठेवल्या होत्या. मैमूनाने त्या काढून दिल्या. कारभारीने उस्तादांचं काम म्हणून आंघोळ करून, मन लावून तीन रेहल केल्या. तिन्ही वेड्यावाकड्या. एक तर जमिनीवर ठेवली की घोड्यासारखी डुलायची.

अबुबकरने ती बोटाने हलवून बघितली. लोक बसले होते दुकानात. त्याचं तोंड उतरलं. त्याने खडू उचलला आणि माझ्या कडेला 'भंगार' लिहिलं.

"काका, आता बस झालं," तो कारभारीला म्हणाला. "सोमवारी टेम्पो येईल, हे घेऊन जाईल. रेहल मी जालन्याहून तयार आणतो. नवीन मशीन घ्यायची ती प्लायवूडची घेऊ. त्याच्यासंगं माणूस येतो चालवायला."

कारभारी म्हणाला, "मंग मी?"

"तुम्ही बसा ना आरामात," अबुबकर म्हणाला. "लई दिवस केलं."

कारभारी पन्नाशी ओलांडलेला माणूस. सव्वीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. तो खाली बसला आणि जमिनीवरचा भुसा बोटाने एकीकडे करत राहिला. तेव्हा मला त्याचा राग यायचा थांबला, थोडा वेळ.

मैमूना भुसा भरत होती, तिने सगळं ऐकलं. ती मुलाला म्हणाली, "बेटा, तेरे अब्बा दसरे के दूसरे दिन इसके नीचे कुछ खुरचते थे. एक बार देख तो सही."

"अम्मी, मशीन का आपको क्या मालूम. आप भुसा ले जाओ."

ती भुसा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजेला दुकान बंद, कारभारी जेवायला गेलेला. मैमूना चावी घेऊन आली. पाट टाकून माझ्या खाली बसली आणि वर बघितलं. बोल्टावर सहा वर्षांचा थर होता, लाल, पिवळा, परत लाल, मधून भुसा. तिने मियाँचा चाकू आणला होता. अर्धा तास ती खरवडत होती. गुडघे दुखत होते तिचे, मला कळत होतं, मध्ये मध्ये हात टेकून श्वास घेत होती. सगळं निघाल्यावर तिने पदराला हात लावला, मंग विचार बदलला आणि कोरडं फडकं शोधून त्याने बोल्ट पुसला. घरच्या पेटीतून आणलेला पितळी गुण्या कापडातून काढला. दातांच्या मागे, सपाट अंगाला टेकवला. इतकी वर्षं खाली बसून तिने हेही बघून ठेवलं होतं. खिडकीकडे तोंड करून तिने डोळा लावला.

उजेड नव्हता. सहा वर्षांनी मी माझ्या जागेवर होतो. ती माझ्या पाठीवर थाप मारेल असं उगाच वाटलं. तिने मारली नाही. तिने खरवडलेलं सगळं वर्तमानपत्रात बांधलं, आणि ते घेऊन दारापर्यंत जाऊन परत आली.

तिची अडचण मला कळली. हे कारभारीला दाखवलं तर त्याला कळणार की त्याच्याच पूजेने मशीन वाकडी झाली. जी गोष्ट तिच्या नवऱ्याने वीस वर्षं त्याच्यापासून लपवली ती तिने उघडी कशी करायची? मशीन आता बराबर आहे, उद्या आपोआप सरळ कापेल, मंग बोलायची गरजच काय? असं ठरवून ती पुडी पदराखाली घेऊन घरी गेली.

आता शनिवारी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. कारभारीने चौथी फळी घेतली, लग्नपत्रिकेच्या तीन घड्यांवर टेकवली, डाव्या हाताने रेटली आणि चिरली. मी सरळ, घडी तिरकी, हातही तिरका. फळी पूर्वीपेक्षा वाईट चिरली गेली, फक्त आता उलट्या बाजूला. कारभारीने दोन्ही पंख हातात धरले आणि त्याला काही समजेनाच. परवा डाव्या अंगाला, आज उजव्या अंगाला. याच्यात काहीतरी भरलंय, तो पुटपुटला. सगळं करून सवरून बाधा मला झालेली!

अबुबकरने फोन काढला आणि टेम्पोवाल्याला सांगितलं, "सोमवार कशाला, आजच या."

मैमूना दारात होती. ती आत आली. "कारभारीभाऊ, ती पत्रिका काढा टेबलावरची."

"भाभी, कित्येक वर्सं झाले, तिच्याबिगर सरळ येतच न्हाई."

"काढा तुम्ही. मशीन बराबर आहे."

"न्हाई भाभी. माझा हात बसलाय आता. पत्रिका काढली तर हाय तेबी जाईल. बाराच फळ्या राहिल्यात उस्तादांच्या."

तिने टेम्पोच्या वाटेकडे एकदा बघितलं. मंग घरात गेली, पुडी घेऊन आली, माझ्या टेबलावर ठेवून उघडली.

कारभारीने एक खडा उचलला. बोटांनी फोडला, वास घेतला. हळद आणि जुनं खोबरेल. त्याने विचारलं, "हे कुठलं?"

"टेबलाखालच्या बोल्टावरचं. काल मी खुरचलं. ह्याच्यामुळं टेबल वर उचललं होतं."

त्याने वाकून टेबलाखाली बघितलं. खडा परत पुडीत ठेवला, अगदी हळू. मंग म्हणाला, "मी वर काही टाकलं न्हाई भाभी. उस्तादांनी वर टाकू नको म्हणले होते. म्हणून पायाला लावत गेल्तो."

"मालूम आहे मला."

"पर त्याच्या आधी वीस वर्सं लावलं. तवा तर बराबर चालत होती."

मैमूनाने पदर सारखा केला. "तुमचे उस्ताद दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फजर पढून सीधे इथं यायचे. तुमच्या आधी. खुरचून, पुसून ठेवायचे. मी म्हटलं होतं त्यांना, एकदा सांगून टाका. तर म्हणले, उसने मशीन के पाँव छुए हैं, मैं उसको क्या बोलूँ."

कारभारीने विचारलं, "आन् खुरचलेलं?"

"निंबाच्या बुडाला. चुलीत न्हाई टाकलं कधी. किसी की पूजा है, बोलते थे."

कारभारी माझ्या टेबलाला दोन्ही हात टेकून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या टेबलावर पडलं. पाण्याने लोखंड गंजतं, हे कारभारीला मियाँनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी त्या दिवशी तक्रार केली नाही. अबुबकर फोन हातात धरून उभा होता, तो खिशात टाकायचंही विसरला होता.

मंग कारभारीने पटाशी घेतली आणि पत्रिकेच्या घड्या उचकटल्या. बाभळीचा एक तुकडा घेतला आणि नुसत्या टेबलावर ठेवून कापला. एक भाग उलटा करून दुसऱ्याला भिडवला. फट. मी तर सरळ होतो, पण त्याचा डावा हात अजून रेटत होता. दुसरा तुकडा, परत फट. तिसऱ्या वेळी मैमूना म्हणाली, "भाऊ, दाबू नका. नुसतं धरा." त्याने हात ढिला सोडला. इतक्या वर्षांची सवय, हात परत परत रेटायला जात होता. पाचव्या तुकड्याला दोन्ही भाग चिकटून बसले. त्याने ते मैमूनाला दिले, मैमूनाने अबुबकरला दिले, आणि अबुबकर ते उलटसुलट करून बघत राहिला.

टेम्पो दारात येऊन भोंगा वाजवायला लागला. अबुबकरने त्याला जुना कूलर आणि दोन पत्रे देऊन पाठवलं. आत आला, अंगठ्यावर थुंकला आणि माझ्या कडेवरचं 'भंगार' पुसलं. थुंकीने. ओलं फडकं समोर पडलं होतं. नीट पुसलंही नाही, म्हणून तर तुम्हाला अजून दिसतंय.

बाराच्या बारा रेहल झाल्या. कुठलीच डुलली नाही. रमजानच्या चांदाआधी त्या मशिदीत पोचल्या. कारभारी स्वतः दारापर्यंत घेऊन गेल्ता.

परवा खंडेनवमी झाली. मला वाटलं, आता तरी सुटलो. कारभारी आंघोळ करून आला, हातात ताट. ताट खाली ठेवलं. मंग वाकला, टेबल कलतं केलं, आणि बोल्टाच्या डोक्यावर खोबरेल तेलातलं हळदी-कुंकू थापलं. पूर्वीइतकंच, चांगलं बोटभर. डोकंही टेकवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं रामायण होऊन हा माणूस काय शिकला?

आज सकाळी उजाडताच शटर उघडलं. कारभारी एकटाच होता. आवाज न करता आत आला. मैमूनाकडून मियाँचा चाकू घेऊन आला होता, आणि कापडातला गुण्या. माझ्या खाली बसला आणि स्वतः लावलेलं सगळं स्वतः खरवडलं. फडक्याने बोल्ट पुसला. गुण्या लावून खिडकीकडे बघितलं, पाव आटा फिरवला, परत बघितलं. उजेड नव्हता. मंग खरवडलेलं कागदात घेऊन मागच्या आवारात गेला. परत आला तो चहा पीत बसला. अबुबकर आल्यावर त्याला काही बोलला नाही.

टेबलावरचे फेव्हिकॉलचे थेंब त्याने पुसले नाहीत. मियाँ पुसायचे. पण मी आता म्हातारा झालोय, किती गोष्टींसाठी जीव जाळू. कुंकवाची शिसारी मला अजून येते, खोबरेलाची तर त्याहून जास्त. उद्या कारभारी थकला की हा चाकू कुणाच्या हातात जाईल, मला ठाऊक नाही.

बरं, झालं माझं बोलून. तुम्ही मागच्या दाराने जाणार असाल तर निंबाखालून वाट आहे. झाडाच्या बुडाशी थोडी लाल माती दिसेल. जरा बघून चाला, तिच्यावर पाय देऊ नका.